दोनशेवा पक्षी

त्या शनिवारी चष्मेवाल्याच्या पदरात पडायचा होता तो एक पक्षी. मोजायला गेलं तर एवढंच. पण त्या एका पक्ष्याचं शेपूट धरून मागून काय काय येणार होतं, याची त्याने आठवडाभर उजळणी केली होती. अध्यक्षाची खुर्ची येणार होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत पक्षीमंडळाच्या एकोणीस खुर्च्या होत्या आणि त्यांत हात टेकायची सोय असलेली ती एकच. आयुष्यभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावणारा दातांचा डॉक्टर स्वतः 'आ' करून बघत राहणार होता. आणि बायको, जी सहा वर्षं दर रविवारी पहाटे "निघालात का चिमण्या मोजायला?" असं विचारून धाडकन दार लावायची, ती अध्यक्षाची बायको झाल्यावर दार निदान हळू लावणार होती.

मंडळाचा नियम साधा होता. वर्षात दोनशे जातींचे पक्षी पाहिल्याशिवाय कुणी अध्यक्ष होऊ शकत नाही, आणि दुसऱ्या एखाद्या सदस्याने तोच पक्षी पाहून नोंदवहीत सही केल्याशिवाय तो पाहिला असं धरत नाहीत. एकट्याने पाहिलेला पक्षी म्हणजे स्वप्न, असं संस्थापकांचं म्हणणं. ते पक्ष्यांपेक्षा माणसं जास्त ओळखत असावेत. दोनशे कुणाचेच भरले नाहीत तर सगळ्यांत जुना सभासद आपोआप अध्यक्ष, आणि सगळ्यांत जुना होता दातवाला. मोजणी शनिवारी संध्याकाळी बंद होणार, रविवारी सकाळी सभा. चष्मेवाल्याचे झाले होते एकशे नव्याण्णव.

दातवाल्याकडे नसलेली एक वस्तू मात्र चष्मेवाल्याकडे होती. त्याच्याकडे काटा होता.

काटा म्हणजे त्याचा मित्र, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. नोकरीत असताना दुकानात शिरला की दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता तो आधी तराजूच्या काट्याकडे बघायचा, म्हणून बाजाराने त्याला ते नाव ठेवलं. पुढे घरचेही तेच म्हणायला लागले. एकदा त्याने सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाला सील ठोकलं आणि त्याच संध्याकाळी त्याच मेव्हण्याकडे जेवायला गेला. ताट वाढलं गेलं नाही, ही गोष्ट वेगळी. अशा माणसाच्या सहीवर मंडळात कोण शंका घेणार? खुद्द दातवाला म्हणायचा, "काट्याने कावळ्यापुढे मोर लिहून सही केली ना, तर मी तो कावळा पुन्हा एकदा बघून येईन."

शिवाय काटा हा रोजचा माणूस. अठरा वर्षं संध्याकाळचा चहा त्याने चष्मेवाल्याच्या दुकानात, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या स्टुलावर बसून प्यायला होता. इतक्या जवळच्या माणसाकडे मुद्दाम निरखून बघायची वेळ कुणावर येत नाही.

शनिवारी पहाटे चष्मेवाल्याने गाडी काट्याच्या दारात उभी केली. शरदातली सकाळ होती. झाडांवर पानं होती, पण पाहुण्यासारखी, उठू की बसू करणारी. उत्तरेकडचे पक्षी खाली उतरायचे हेच दिवस. चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आलेल्या एका ट्रकवाल्याने बुधवारी सांगितलं होतं की, दोन-अडीच तासांवर जो मोठा तलाव आहे, तिथे एक उंच काळा पक्षी उभा असतो, चोच लाल, पाय लाल. काळा करकोचा! चष्मेवाल्याने त्याच्या दांडीत दोन्ही बाजूंनी नवे स्क्रू घातले आणि एकाचेही पैसे घेतले नाहीत.

"भावजी," काट्याची बायको थर्मास देत म्हणाली, "पाण्याच्या कडेला यांचा हात धरा हं."

"वहिनी, आम्ही पक्षी बघायला चाललोय. हातात हात घालून फिरायला नाही."

"मी आपलं सांगितलं. यांचा गुडघा..."

"गुडघा काही नाही," काटा म्हणाला आणि गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत फिरवत दारापर्यंत आला. "छान धुतलीस रे गाडी."

गाडी तीन आठवडे धुतलेली नव्हती. चष्मेवाल्याला वाटलं, टोमणा मारतोय.

शहर मागे पडलं तशी तारांवर पाखरं दिसायला लागली. ही सगळी आधीच मोजलेली, पण चष्मेवाल्याला सराव ठेवायची सवय होती. तो गाडी हळू करायचा आणि म्हणायचा, "डावीकडे. तिसरा खांब. खंड्या."

"हं. दिसला."

"निळा बघ काय चमकतोय."

"चमकतोय खरा."

असा साक्षीदार मिळायला भाग्य लागतं. दातवाल्याचा साक्षीदार त्याचा व्याही होता. 'कुठे? मला तर पानच दिसतंय' असं म्हणून त्याने वर्षभरात दातवाल्याचे दहा पक्षी गारद केले होते. काटा कधी अडला नाही. उलट कधीकधी चष्मेवाल्याच्या आधीच तो मान वळवून म्हणायचा, "मागे धोबी ओरडतोय," आणि खरंच धोबी पक्षी शेपूट हलवत बांधावर असायचा.

तलावाचा फाटा कुठे ते नीट ठाऊक नव्हतं. एका शेताशी चष्मेवाल्याने गाडी उभी केली आणि नकाशा उलगडला. काट्याने आपल्या बाजूची काच खाली घेतली आणि मोठ्याने विचारलं, "अहो मामा, तलावाकडे इकडूनच ना?"

मामा काही बोलले नाहीत.

"तलाव हो, तलाव! डावीकडून जायचं का?"

चष्मेवाल्याने नकाशातून डोकं वर काढलं. शेतात कोट घातलेलं बुजगावणं दोन्ही हात पसरून उभं होतं. चष्मेवाला इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"काय रे तू! मामा म्हणे!"

काट्याने काच वर घेतली. मग तोही हसला. "दोन्हीकडे हात दाखवतोय. सरकारी नोकर असणार."

मित्राच्या विनोदबुद्धीला म्हातारपणी बहर आला, असं चष्मेवाल्याने मनाशी धरलं आणि पुढचा मैलभर तो मधूनमधून "मामा!" म्हणत खिदळत राहिला.

तलाव मोठा होता आणि निम्मा आटला होता. काठावर गुडघाभर गवत, पलीकडे चिखलाचा पट्टा, त्यावर बगळे, शेकाटे आणि ओळखू येणार नाहीत असे शेदोनशे लहानसहान ठिपके. एका टोकाला पंपघर होतं आणि पंपघराच्या दारात खुर्ची टाकून एक राखणदार बसला होता. त्याने या दोघांची तिपाई, तिपाईवरची मोठी दुर्बीण, गळ्यातल्या दोन छोट्या दुर्बिणी, नोंदवही आणि थर्मास एवढा सगळा सरंजाम नीट बघून घेतला.

"मोजणी करायला आलात का?" त्याने विचारलं. "गळती वरच्या पाइपाला आहे. मी तीनदा लिहून कळवलंय."

"आम्ही पाणीवाले नाही हो. पक्षीवाले."

"मग बरोबर. तो तिकडे उभा आहे तुमचा."

"कोण?"

"काळा. लाल पायांचा. आठ दिवस झाले, तिथेच असतो. पोहण्याची मनाई लिहिलीय ना, त्या पाटीच्या अलीकडे."

चष्मेवाल्याने दुर्बीण फिरवली. चिखलात एका पायावर तो उभा होता. पाठ काळी, उन्हात हिरवट जांभळी झाक मारणारी, पोट पांढरं, चोच नुकती रंगवल्यासारखी लाल. अध्यक्षाची खुर्ची लांबून अशीच दिसत असेल.

"काट्या! मिळाला! ये लवकर, ये!"

काटा गवतातून पाय घासत आला. येताना त्याचा गुडघा तिपाईला लागला. चष्मेवाला तेव्हा घाईघाईने नोंदवहीत वेळ लिहीत होता: दहा वाजून चाळीस मिनिटं, ऊन, वारा नाही. काट्याने डोळा दुर्बिणीला लावला.

"दिसला?"

"दिसला."

"काय रुबाब आहे ना?"

"वा! मान बघ काय ताठ धरलीय."

"पाय दिसले? लाल?"

"लालच. अगदी लाल."

"कर सही." चष्मेवाल्याने नोंदवही पुढे केली. काट्याने पेन घेतलं. चष्मेवाल्याने त्याचं बोट धरून ओळीवर टेकवलं, नेहमीसारखं, कारण काट्याच्या सह्या हल्ली खालच्या ओळीत घसरायच्या.

तेवढ्यात राखणदार मागे येऊन उभा राहिला होता. "साहेब, जरा बघू का?" म्हणत तो दुर्बिणीपाशी वाकला आणि लगेच सरळ झाला. "हे तर पाटीवर लागलंय."

"काय?"

"पाटी. 'पोहण्यास सक्त मनाई आहे.' अक्षरं छान दिसतात पण."

चष्मेवाला वाकला. दुर्बिणीच्या गोलात पाटी होती. दोन लोखंडी खांबांवर ताठ उभी. खांब हिरवे होते. त्याने डोकं वर काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. करकोचा पाटीपासून वीस पावलांवर, तसाच, एका पायावर.

"तुझा धक्का लागला असेल," तो म्हणाला. "हरकत नाही. आहे अजून. थांब, लावून देतो." त्याने दुर्बीण पक्ष्यावर आणली, स्क्रू आवळला. "आता बघ."

काट्याने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बोल ना!"

"तिथे काहीतरी काळं आहे," काटा म्हणाला. "तू करकोचा म्हणतोस म्हणून करकोचा."

"म्हणजे काय?"

काट्याने पेन बंद केलं. "म्हणजे मला दिसत नाही रे."

राखणदाराला वेळेची जाण होती. तो पंपघराकडे पाइप बघायला निघून गेला.

"आता ऊन डोळ्यावर आलं म्हणून?" चष्मेवाल्याने विचारलं. बुडत्याला काडी लागते.

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! अरे पण मी तुझे डोळे तपासलेत! मार्चमध्ये! शेवटची ओळसुद्धा वाचलीस तू!"

"त्या तक्त्यासमोर मी अठरा वर्षं चहा पितोय. प, ट, ख, ग, न. त्याखाली म, ध, र, ल, ठ. उलटी म्हणून दाखवू? तू नंबर बघत होतास, मी म्हणत होतो. तू एकदा जरी तक्ता बदलला असतास ना, तरी सापडलो असतो."

गिऱ्हाईक ओळखीचं असलं की तपासणी गप्पांवर होते, हे चष्मेवाल्याला धंद्यातून ठाऊक होतं. काट्याचा नंबर तो दरवर्षी पाव इकडे, पाव तिकडे करायचा आणि वर म्हणायचा, "तुझे डोळे म्हणजे लोखंड."

"मग सह्या?" त्याचा आवाज चिरकला. "एकशे नव्याण्णव सह्या?"

"सगळ्या तशा नाहीत. मोठं आणि जवळचं दिसतं. बगळा, घार, बदकं. वही काढ. सहीखाली टिंब आहे का बघ."

चष्मेवाल्याने पानं उलटली. काही सह्यांखाली टिंब होतं, काहींखाली नव्हतं. त्याला वाटायचं, पेन गळतं.

"खात्यात आमची पद्धत होती," काटा म्हणाला. "स्वतः तोललं तर टिंब. कुणाच्या शब्दावर शिक्का दिला तर टिंब नाही. नोकरीत बिनटिंबाची सही मी एकदाही केली नाही. इथे झाल्या. एकशे बारा."

"मोजल्यास?"

"न मोजून कसं चालेल?"

"पण का रे? का केल्यास?"

काटा पाण्याकडे तोंड करून उभा होता. पाणी किती लांब आहे हे त्याला दिसत असेल का, असा विचार चष्मेवाल्याच्या मनात प्रथमच आला.

"यंदाची वही उघडलीस त्या पहिल्या रविवारी तू कसलासा गरुड दाखवलास. मला दिसला नाही. 'हं' म्हणालो. तू इतका खूश झालास की मला तुझा आवाज ऐकूनच बरं वाटलं. पुढच्या वेळी 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर तू दुसरा साक्षीदार शोधला असतास. मग रविवारी मी काय करायचं? आणि तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत होतं. मी पक्षी तोललाच नाही, तुला तोलला."

खरं तर इथे चष्मेवाल्याचा कंठ दाटून यायला हवा होता. तो आला नाही. त्याचं डोकं त्या वेळी दुसऱ्याच हिशेबात होतं, आणि तो हिशेब फार वाईट दिसत नव्हता.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "पक्षी खरे आहेत. बरोबर? मी खरंच पाहिलेत. माल पुरा आहे."

"माल पुरा आहे."

"मग फसवणूक कुणाची झाली? कुणाचीच नाही."

"माल पुरा, तराजू बरोबर, फक्त शिक्का खोटा. अशी किती दुकानं मी बंद केली माहीत आहे? त्यांतलं एक माझ्या मेव्हण्याचं होतं."

"बरं, मग उशिरा सांग. उद्याची सभा होऊ दे. महिन्याभराने सांगू दोघं मिळून. आधी खुर्ची, मग सत्य. सत्य काय नासतं का?"

"उद्या सभेत मी सांगणार आहे."

याच वेळी करकोच्याने दुसरा पाय खाली टेकला, दोन पावलं पळाला आणि उडाला. तो थेट त्यांच्या डोक्यावरून गेला, इतक्या खालून की पंखांचा सपसप आवाज आला आणि गवत हललं. काट्याने मान वर केली आणि आवाज गेला त्या दिशेला वळवत नेली.

"ऐकलास?" चष्मेवाल्याने त्याचा दंड धरला. "ऐकलास ना? नियमात 'पाहून' आहे की 'ओळखून' आहे?"

"पाहून."

"कुणी लिहिला असला नियम!"

"तूच. मागच्या दुरुस्तीत. दातवाल्याचे घुबडांचे आवाज बाद करायला."

राखणदार परत आला होता. "मी पाहिला की साहेब. आठ दिवस पाहतोय. कुठे करायची सही?"

"तुम्ही मंडळाचे सदस्य आहात का?" चष्मेवाल्याने केविलवाण्या आशेने विचारलं.

"नाही. मी पगारावर आहे."

परतीच्या वाटेवर तासभर चष्मेवाल्याने एकाही तारेकडे बघितलं नाही. मग चष्मेवाला बोलला, आणि न बोलता तर बरं झालं असतं. "तुला माहीत होतं मला काय हवंय ते," तो म्हणाला. "वर्षभर माहीत होतं. गप्प राहून तू मला एकशे नव्याण्णवपर्यंत चढवलंस आणि आता शिडी काढतोस. तुझा प्रामाणिकपणा सांभाळ, माझं वाटोळं झालं तरी चालेल."

काटा एवढंच म्हणाला, "हो."

रस्त्याकडेला टपरी दिसली तशी चष्मेवाल्याने गाडी थांबवली, कारण रागावलेल्या माणसालाही चहा लागतो. तो पुढे जाऊन बाकावर बसला, मुद्दाम हाक न मारता. काटा गाडीतून उतरून उभा राहिला. त्याने डोकं थोडं कलतं केलं. स्टोव्हचा आवाज आला तिकडे वळला, पायाने जमीन चाचपली, भिंतीला हाताची पाठ लावली आणि भिंतीच्या आधाराने बाकापर्यंत आला. बाकाची कड हाताला लागल्यावर मगच बसला. चहा आल्यावर त्याने कपाच्या काठावरून अंगठा आत सोडला, चहा किती वर आहे ते पाहिलं, अंगठा भाजला, आणि चेहरा जराही न हलवता कप तोंडाला लावला.

चष्मेवाल्याने सहा वर्षं पक्ष्यांच्या सवयी टिपल्या होत्या. कोण शेपूट हलवतो, कोण चिखलात आधी कुठला पाय टाकतो, कोण कळपाच्या कडेकडेने चालतो. पक्ष्याला आपण दिसलो की तो सवयी बदलतो, म्हणून न बोलता, न हलता बघायचं असतं. आज प्रथमच तो काट्याकडे तसा बघत होता, आणि जे दिसत होतं ते दोन वर्षं रोज संध्याकाळी दुकानात त्याच्या नाकासमोर घडत होतं. धुतलेली गाडी. बुजगावण्याचा मामा. वहिनींनी सांगितलेला गुडघा. सगळं त्याच्यासमोर होतं, आणि तो तारेवरच्या पाखरांकडे बघत होता.

"अंगठा दाखव," तो म्हणाला.

"काही नाही झालं."

"दाखव म्हणतो ना! आणि इथून पुढे मी कप हातात देईन. कळलं?"

"इतके दिवस दिला नाहीस, ठीक चाललं होतं."

"तोंड बंद कर आणि चहा पी."

पाच वाजता त्यांनी दुकान उघडलं. शनिवारी दुकान बंद असायचं. तक्ता चष्मेवाल्याने भिंतीकडे उलटा केला आणि त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने मनाला येतील ती अक्षरं काढली. काट्याला स्टुलावर बसवलं, आणि तीस वर्षांच्या धंद्यात बहुधा पहिल्यांदाच गप्पा न मारता डोळे तपासले. पहिली ओळ वाचता आली नाही. मग त्याने तळहाताएवढं एक अक्षर काढलं.

"व," काटा म्हणाला. मग, "की ब?"

"क आहे."

बॅटरी लावून बघितलं तर दोन्ही बुबुळांत मोतीबिंदू असा पिकलेला की शिकाऊ पोरानेही ओळखला असता. चष्मेवाल्याने डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला आणि सोमवारची वेळ घेतली.

"सुरी लावतात का रे?" काट्याने विचारलं. बाजारभर दहशत बसवणारा माणूस स्टुलाची कड धरून बसला होता.

"पंधरा मिनिटांचं काम. दाढ काढायला जास्त लागतो वेळ. दातवाल्याला विचार."

काट्याला घरी सोडून आल्यावर चष्मेवाला वहीसमोर बसला आणि नव्याने हिशेब मांडला. उद्या काटा बोलला तर आपली खुर्ची जाणार आणि काट्याचं नाव जाणार. आपणच आधी बोललो तर खुर्ची तेवढी जाणार. खुर्ची दोन्हीकडे जातेच आहे, तर नाव वाचलेलं काय वाईट? मोठ्या मनाने त्याने हे केलं असं कुणी म्हणू नये. त्याने ते वजाबाकीने केलं. लाल पेन घेऊन बिनटिंबाच्या एकशे बारा ओळी एकेक करून खोडल्या. गरुडापाशी हात थोडा थांबला, पण खोडला.

रविवारी सभा सुरू होताच तो उभा राहिला आणि म्हणाला की, साक्षीदाराचे डोळे तपासणं हे आपलं काम होतं, ते आपण केलं नाही, सबब आपले सत्त्याऐंशी धरावेत, दोष सर्वस्वी आपला. दातवाल्याने 'आ' केला. तो हातवाल्या खुर्चीकडे सरकणार इतक्यात काटा सोबत आलेल्या बायकोचा हात धरून उभा राहिला.

"हे माप अपुरं आहे," तो म्हणाला. "सही माझी आहे. दोष माझा."

"तू खाली बस. मी बोललोय ना?"

"तू अर्धं बोललास. मला दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. तुला नव्हतं."

"मला माहीत असायला हवं होतं! धंदा आहे तो माझा!"

"तुझ्या धंद्याचं तू बघ. माझ्या सहीचं मी बघतो."

"अरे, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी माप मारायचं नाही!"

अर्धा तास दोघं एकमेकांच्या हातातला दोष हिसकावत होते. असं भांडण मंडळाने कधी पाहिलं नव्हतं, कारण तिथली सगळी भांडणं श्रेय कुणाचं यावरून व्हायची. शेवटी दातवाल्याने ठराव मांडला की दोष दोघांचाही धरावा, काट्याची सही यापुढे चालू नये, आणि सगळ्याच साक्षीदारांनी डोळे तपासून दाखला आणावा. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांचं सरासरी वय सदुसष्ट होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पंधरा दिवसांनी दाखले आले तेव्हा अठरापैकी अकरा साक्षीदार बाद झाले. दातवाल्याच्या व्याह्याचे डोळे मात्र खणखणीत निघाले. पान म्हणाला तिथे बहुधा पानच होतं.

दाखले कुणी चष्मेवाल्याकडून घेतले नाहीत. सगळे चौकातल्या नव्या दुकानात गेले आणि तिथेच चष्मेही करून आले. अठरा वर्षं समोर बसलेल्याचे डोळे ज्याला कळले नाहीत त्याच्याकडे कोण जाणार? दिव्याखाली अंधार, असं बाजार म्हणाला. बायको काही म्हणाली नाही, आणि दार अगदी हळू लावलं. ते त्याला जास्त लागलं.

तर शेवटची बेरीज अशी. खुर्ची दातवाल्याला मिळाली आणि तिच्याबरोबर दर रविवारी पहाटे पाचला अठरा जणांना फोन करून उठवायचं कामही. काट्याला आधी एक डोळा मिळाला, महिन्याभराने दुसरा, आणि त्यासाठी त्याने आपली सही दिली, जिच्यावर बाजार शपथ घ्यायचा. चष्मेवाल्याने एकशे बारा पक्षी, एक करकोचा, एक अध्यक्षपद आणि निम्मी गिऱ्हाइकं भरली. भरलं जास्त कुणी, यावर रविवारी गाडीत अजून वाद चालतो. काटा म्हणतो मी, चष्मेवाला म्हणतो मी, आणि या बाबतीत मंडळ दोघांचीही साक्ष धरत नाही.